चित्रातल्या घोड्यासाठी रडणं

गेममधला घोडा मेला म्हणून एकोणीस वर्षांचा मुलगा रडला, असं मुंबईत कुठल्याही चार माणसांत सांगून बघा. दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतील. एक पक्ष कपाळाला हात लावेल: पोरं वाया गेली, खरं काय नि खोटं काय हेही कळेनासं झालंय, हे व्यसनच. दुसरा पक्ष, बहुतेक वयानं लहान, तितक्याच तावातावानं सांगेल की गेम ही आजची कला आहे, तुमच्या पिढीला ते समजायचं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हापासून हा वाद लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत जास्तच ऐकू येतो आणि दर वेळी तितक्याच ढिसाळपणे घातला जातो. रमी, बीजीएमआयसारखी फोनवरची गोळीबाराची लढाई, लुडो आणि पन्नास तासांची शोकांतिका, सगळं 'गेम' या एकाच पिशवीत कोंबायचं आणि मग ती पिशवी चांगली की वाईट यावर भांडायचं. अशा भांडणातून काय हाती लागणार?

माझी बाजू आधीच मांडून ठेवतो. त्या मुलाचं रडणं निरोगी आहे. ज्या व्यसनाची आपल्याला भीती वाटते ते त्या रडण्यातून येत नाही, त्याची यंत्रणा वेगळी आहे आणि ती बोट ठेवून दाखवता येते. मात्र त्यासाठी गेममधल्या पात्रावर माया जडते तरी कशी, हे आधी बघावं लागतं. विरोधक ते बघत नाहीत, कारण त्यांनी कंट्रोलर हातात धरलेला नसतो. समर्थकही बघत नाहीत, कारण 'कला' हा शब्द एकदा उच्चारला की पुढचं काही सिद्ध करायची गरज उरली नाही असं त्यांना वाटतं.

मुळात खेळ म्हणजे पोरखेळ हे समीकरण आपल्या भाषेचं नव्हेच. सिनेमाचा सहाचा खेळ असतो, दशावताराचा खेळ पहाटेपर्यंत रंगतो, कोकणात नमन-खेळे होतात. ज्या गोष्टीसमोर बसून माणसं हसतात-रडतात तिला आपले लोक पिढ्यानपिढ्या खेळच म्हणत आले आहेत. १९१९ साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं, तेव्हा सिंधूचे हाल पाहून प्रेक्षक डोळे पुसत घरी जात. सिंधू म्हणजे लुगडं नेसलेले बालगंधर्व आहेत हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कित्येकांनी तिकीट त्याचसाठी काढलेलं असे. त्या प्रेक्षकांना खऱ्या-खोट्यातला फरक कळत नव्हता असं आज कोणी म्हणेल का?

आणि मुंबईत तरी गेममधल्या पात्राबद्दलचा जिव्हाळा काल-परवाचा नाही. नव्वदच्या दशकात इथल्या गल्लीबोळांतल्या व्हिडीओ गेम पार्लरमध्ये कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा एक गेम असायचा. त्याचं छापील नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. हे नाव तिथल्या किती पोरांना सांगता आलं असतं? त्यांच्यासाठी तो गेम 'मुस्तफा' होता. निवडायला चार पात्रं, त्यांतल्या सगळ्यांत चपळ पात्राचं नाव मुस्तफा, आणि त्याच्या नावावरून अख्ख्या गेमचं बारसं झालं. कथा जेमतेम होती, पडद्यावरचं इंग्रजी कोणी वाचत नव्हतं. तरी नाणं टाकून ज्याच्या अंगात शिरायचं, ज्याला शेवटपर्यंत जगवायचं, त्याचं नाव मात्र तोंडी बसलं. हा पुरावा मला फार बोलका वाटतो, कारण त्या पोरांना 'कला' वगैरे काही सिद्ध करायचं नव्हतं.

पण 'नाटकालाही लोक नावं ठेवत, कादंबऱ्या वाचून मुली बिघडतात असंही म्हणत, तशीच ही भीती' एवढं बोलून थांबणं हा लबाड युक्तिवाद आहे. जुनी भीती खोटी ठरली म्हणून नवी आपोआप खोटी ठरत नाही. गेम नाटकाहून खरोखरच वेगळा आहे आणि तो कुठे वेगळा आहे हे सांगायला आपल्याच रसचर्चेचा, म्हणजे नाटक बघताना भावना कशी अनुभवली जाते यावरच्या जुन्या विचाराचा, आधार घेता येतो. नवव्या शतकातल्या शंकुक या नाट्यशास्त्राच्या भाष्यकारानं चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला. तो चित्रतुरगन्याय म्हणून प्रसिद्ध आहे. चित्र बघून आपण 'हा घोडा' म्हणतो. हे ज्ञान खरं म्हणावं तर तिथे घोडा नाही. खोटं म्हणावं तर आपली फसगत झालेली नाही. संशयही नाही, आणि 'घोड्यासारखं काहीतरी आहे बुवा' अशी तुलनाही मनात येत नाही. या चारांहून निराळी अशी ती प्रतीती असते. 'फरक कळत नाही' या आरोपाचं उत्तर अकराशे वर्षांपूर्वीच दिलं गेलंय ते असं. पुढे भट्टनायकानं साधारणीकरणाची कल्पना मांडली: रंगमंचावरचं दुःख 'माझं' किंवा 'त्याचं' उरत नाही, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. प्रेक्षकाला त्या दुःखाबद्दल काही करायचं नसतं. सीतेला सोडवायला कोणी रंगमंचावर उडी घेत नाही.

गेममध्ये उडी घ्यावीच लागते. चित्रातल्या घोड्याला रोज चारा घालावा लागतो. इथून पुढे रसशास्त्राची जुनी वाट संपते आणि नवा प्रश्न उभा राहतो: प्रेक्षकाच्या हाताला काम दिलं तर त्याच्या भावनेचं काय होतं?

२००१ साली प्लेस्टेशन २ वर आलेला फुमितो उएदा यांचा 'इको' घ्या. शिंगं असलेला एक मुलगा आणि योर्दा नावाची मुलगी एका ओसाड किल्ल्यातून पळू बघतात. दोघांची भाषा वेगळी, एकमेकांचं बोलणं कळत नाही. आर-वन बटण दाबून धरलं तर तो तिचा हात धरतो. बोट उचललं की हात सुटतो. तो पळायला लागला की ती मागून ओढली जाते आणि तो हिसका कंट्रोलरच्या थरथरीतून आपल्या तळव्याला लागतो. तिला मागे सोडून फार लांब गेलं तर सावल्या येतात आणि तिला जमिनीतल्या काळ्या भोकात ओढू लागतात. संवाद नाही, पार्श्वकथा नाही, तरी चार-पाच तासांनी खेळणाऱ्याचं बोट त्या बटणावरून निघायला तयार नसतं. माया संवादातून आली नाही, धरून ठेवलेल्या बोटातून आली.

'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' हा २०१३ सालचा, तीनेक तासांचा गेम याहून नेमका आहे. कंट्रोलरची डावी काठी आणि डावं ट्रिगर बटण थोरल्या भावासाठी, उजवी काठी आणि उजवं ट्रिगर धाकट्यासाठी. दोन हातांनी दोन भाऊ एकाच वेळी चालवायचे. सुरुवातीला मेंदूला पीळ पडतो, दोघं एकमेकांना आपटतात, मग हळूहळू हात सरावतात. धाकट्याला पाण्याची भीती, कारण आई बुडाली. म्हणून नदी आली की तो थोरल्याच्या पाठीला धरून पोहतो. थोरला मरतो. त्यानंतर खेळणाऱ्याचा डावा हात रिकामा पडतो, अक्षरशः करायला काही उरत नाही. घराच्या वाटेवर पुराचं पाणी येतं आणि धाकटा काठावर अडून बसतो. उजवं बटण कितीही दाबा, तो पुढे जात नाही. मग डावं, मेलेल्या भावाचं बटण दाबलं की तो पाण्यात शिरतो. वियोग म्हणजे रिकामा पडलेला हात, हे कुठल्या वाक्यानं इतक्या थेट सांगता येईल? कादंबरीला हे साधत नाही आणि सिनेमालाही साधत नाही. त्यात त्यांचं उणेपण नाही, त्यांच्याकडे वाचकाचा डावा हात नसतो इतकंच.

आता तो घोडा. २०१८ सालच्या 'रेड डेड रिडेम्प्शन २' मध्ये घोड्याशी जवळीक चार पायऱ्यांनी वाढते. थोपटायचं, चारायचं, अंगावरचा चिखल ब्रशनं काढायचा, साप किंवा लांडगा बघून बिथरला तर शांत करायचं. पायरी चढली की त्याचा दम वाढतो आणि तो नव्या हालचाली शिकतो. जायबंदी झाला तर उठवायचं औषध जवळ असावं लागतं. नसलं तर तो गेला, आणि खोगीर खांद्यावर मारून पायी निघायचं. असे चाळीस-पन्नास तास गेल्यावर नायकाच्या शेवटच्या मोहिमेत तो गोळी लागून पडतो. कितीही काळजी घेतलेली असली तरी पडतो. रडू त्या क्षणाच्या संगीतामुळे येत नाही, संगीत फार तर निमित्त. रडू त्या आधीच्या पन्नास तासांतल्या थोपटण्याचं असतं.

दीड दिवसाच्या गणपतीला निरोप देताना लालबाग-परळच्या घरांतली म्हातारी माणसंही डोळे पुसतात. मूर्ती शाडूची आहे हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. श्रद्धा आणि गेम यांची बरोबरी मला करायची नाही, त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. पण ज्या हातांनी दूर्वा निवडल्या, मोदकांना कळ्या पाडल्या, आरतीचं तबक धरलं, त्या हातांना निरोप जड जातो, हे आपण जाणतो. भातुकलीतल्या बाहुलीचं तेच. माया आधी जडते आणि मग सेवा होते असं नाही. पुष्कळदा सेवा आधी होते.

हाताला काम दिलं की माया जडतेच, असंही मात्र समजू नये. ते फसतं, आणि बऱ्याचदा फसतं. सोबतच्या पात्राला सांभाळून न्यायचं काम खेळणाऱ्यांना पूर्वी नकोसं वाटायचं. २००५ च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४' मध्ये अ‍ॅशलीच्या जिवाची पट्टी वेगळी होती. शत्रू तिला उचलून नेत, ती मेली की खेळ खलास. चूक तिची, शिक्षा आपल्याला. अशा वेळी माया उरत नाही, चिडचिड उरते. २०२३ च्या नव्या आवृत्तीत ती पट्टी काढून टाकली. 'द लास्ट ऑफ अस' करणाऱ्यांनी २०१३ मध्ये आणखी धाडसी तडजोड केली: आपण लपतछपत चाललेलो असताना सोबतची एली शत्रूच्या अगदी समोरून गेली तरी तो तिला 'बघत' नाही. हे उघड खोटं आहे, खेळताना दिसतंही. पण तिच्यामुळे आपण पकडले गेलो असतो तर वीस तासांनंतर तिच्यासाठी जीव टाकावासा वाटला नसता. वास्तवाचा भंग चालेल, नात्याचा नको, असा तो हिशेब होता आणि माझ्या मते तो बरोबर होता.

इथे जाणकार विरोधकांचा एक चांगला आक्षेप येतो: हे सगळं कर्तेपण आभासी असतं. टेलटेल कंपनीच्या २०१२ सालच्या 'द वॉकिंग डेड' मध्ये दर थोड्या वेळानं निर्णय घ्यावा लागतो. खाली वेळेची पट्टी आटत जाते, आणि गप्प राहिलात तर तेही उत्तर धरलं जातं. मग कोपऱ्यात ओळ उमटते की क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवील. पण पहिल्या भागात कार्लीला वाचवा नाहीतर डगला, जो वाचतो तो तिसऱ्या भागात मरतोच. पाच भागांचा शेवटही ठरलेलाच. मग निवडीला अर्थ काय? आक्षेप खरा आहे, कथानक फारसं बदलत नाही. पण निवडीचा परिणाम कथानकावरच व्हायला हवा, हा आग्रह कुठून आला? 'नरो वा कुंजरो वा' म्हटल्यानंतर जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ खाली टेकला. युद्धाचा निकाल काय लागला याच्याशी त्या टेकण्याचा संबंध नाही. ते युधिष्ठिर कोण आहे याबद्दल आहे. आठ वर्षांची क्लेमेंटाइन बघत असताना तुम्ही परक्या माणसाचं अन्न घेतलंत की नाही, हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

म्हणूनच मला वाटतं की गेमनं कथनकलेत खरी भर घातली ती एका भावनेची, अपराधभावाची. दुःख, भय, करुणा नाटकानं केव्हाच दिलं होतं. पण स्वतः केलेल्या कृत्याची टोचणी प्रेक्षकाला कोण देणार? 'द लास्ट ऑफ अस'च्या शेवटी शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टर उभा असतो आणि त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. निर्णय जोएलचा, म्हणजे आपण चालवतो त्या नायकाचा, बोट आपलं. टोबी फॉक्सच्या 'अंडरटेल' मध्ये, २०१५, सुरुवातीलाच आईसारखी माया करणारी तोरिएल वाट अडवते. बरेच जण तिला नकळत मारतात, हळहळतात, जुनी सेव्ह, म्हणजे आधी जपून ठेवलेला टप्पा, उघडून या वेळी तिला वाचवतात. पुढच्याच वळणावर फ्लावी नावाचं फूल सांगतं: मला माहीत आहे तू काय केलंस, मारलंस आणि मग परत आलास. सेव्ह पुसली तरी केलेलं पुसलं जात नाही, हे त्या साध्या ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांच्या गेमनं दाखवलं. आणि 'धिस वॉर ऑफ माइन', वॉर्सातल्या कंपनीचा, २०१४ चा. साराएव्होच्या वेढ्यावरून सुचलेल्या या गेममध्ये आपण सैनिक नसतो, पडक्या घरात तग धरून असलेली सामान्य माणसं असतो. रात्री बाहेर पडायचं, अन्न-औषधं शोधायची. एका घरात म्हातारं जोडपं असतं. त्यांचं सगळं उचलून नेलं तरी ते प्रतिकार करत नाहीत, विनवतात. लुटून परतलात की दुसऱ्या दिवशी आपलीच माणसं खचतात, कुणी अंथरुणातून उठत नाही. २०२० मध्ये पोलंड सरकारनं हा गेम शाळांच्या शिफारस केलेल्या वाचनाच्या यादीत घातला. तिथल्या शासनाला जे उमगलं ते आपल्या पालकसभेला समजावून सांगायला काय हरकत आहे?

यावर सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत भारी आक्षेप तत्त्वज्ञ रूसोचा. १७५८ मध्ये द'आलांबेरला लिहिलेल्या पत्रात तो नाटकाबद्दल म्हणतो की खोट्या दुःखावर अश्रू ढाळले की माणसाला माणुसकीचं कर्ज फेडल्यासारखं वाटतं आणि खऱ्या दुःखितासाठी त्याच्यापाशी काही उरत नाही. आपल्याकडे हेच घरगुती भाषेत बोललं जातं: घोड्यासाठी रडतो, पण आजीला पाण्याचा तांब्या देत नाही. आक्षेपात तथ्य आहे. गेम खेळून माणूस चांगला होतो असा दावा मी करणार नाही. कादंबऱ्या वाचूनही तो आपोआप होत नाही. पण आजीला पाणी न देणाऱ्याच्या घरी त्या घोड्याच्या आधी काय होतं? माणुसकी डब्यातल्या तांदळासारखी असते, एकीकडे वापरली की दुसरीकडे कमी पडते, ही रूसोची गृहीत धरलेली गोष्टच मला मान्य नाही. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीत विधवा झालेल्या यमूचं आत्मकथन लिहिलं. त्या काल्पनिक मुलीसाठी हळहळलेल्या वाचकांचा कळवळा घरातल्या खऱ्या विधवांसाठी कमी पडला असेल असं कोण म्हणेल? हरिभाऊंनी लिहिलं ते उलट घडावं म्हणूनच.

दुसऱ्या एका आक्षेपाला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. जिव्हाळा मालकीत बदलू शकतो. 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग २०२० मध्ये आला, त्यात आवडत्या पात्राचा जीव घेणारी अ‍ॅबी जवळजवळ अर्धा गेम आपल्यालाच चालवावी लागते. तिला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. निळू फुल्यांना बायका खलनायक समजून बोल लावत, तो राग भाबडा होता; धमकी भाबडी नसते. माया शिकवते तसा हट्टही शिकवते, आणि गेममध्ये पात्र आपणच चालवलेलं असल्यानं हा हट्ट जास्त चिवट असतो. हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

आता खरी भीती. मायेचा धंदा होतो का? होतो, आणि तो कसा होतो हे आकड्यांत सांगता येतं. २०२० साली आलेला 'गेन्शिन इम्पॅक्ट' फुकट आहे. एखाद्या पात्राची कहाणी त्यात आपल्याला फुकट खेळायला मिळते, त्याचा भूतकाळ कळतो, त्याच्या वाढदिवसाला त्याचं पत्र येतं. जीव गुंतला की कळतं, ते पात्र सोडतीत आहे, साधारण तीन आठवड्यांपुरतं. पंचतारांकित पात्र लागण्याची मूळ शक्यता दर खेपेला ०.६ टक्के. नव्वदाव्या खेपेला ते नक्की लागतं, पण हवं तेच लागेल असं नाही. हुकलं तर पुढच्या नव्वद खेपांत हमी. एका खेपेला १६० रत्नं, म्हणजे सर्वांत वाईट नशिबात १८० खेपांना २८,८०० रत्नं. ती खेळून थोडी-थोडी मिळतात, पैसे देऊन झटपट. बेल्जियमच्या जुगार नियामकानं २०१८ मध्ये अशा पैसे घेणाऱ्या सोडतीच्या पेट्यांना जुगारच ठरवलं. आपल्या २०२५ च्या कायद्यानं ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि पैशांचे गेम असे निदान तीन कप्पे केले, रमीसारख्यांना पैशांच्या कप्प्यात टाकून बंदी घातली. पण इथे पैसे जिंकायचे नसतातच, पात्र जिंकायचं असतं. पैज पैशाची आहे, बक्षीस मायेचं. या जागेवर आपल्या चर्चेत कोणी बोट ठेवलेलं मला दिसत नाही.

मग 'रेड डेड'चा घोडा आणि हे सोडतीतलं पात्र यांत फरक काय? दोन्हींकडे हाताला काम आहे, दोन्हींकडे माया आहे. मी एकच प्रश्न विचारीन: गेम बंद असताना घोडा उपाशी राहतो का? १९९६ मध्ये बांदाईनं काढलेली तामागोची आठवा, तीन बटणांचं अंड्याएवढं यंत्र. त्यातल्या पिल्लाला खाऊ घालायचं, साफ ठेवायचं. पण मूळ यंत्रात खेळ थांबवायची सोय नव्हती. मूल शाळेत असलं तरी पिल्लू भुकेलं होई आणि मरूनही जाई. माया तीच, घड्याळ मात्र यंत्राच्या हाती गेलं. 'गेन्शिन'मध्ये बक्षिसं घ्यायला लागणारी ताकद दर ८ मिनिटांनी एकेक भरते आणि २०० ला थांबते. म्हणजे साधारण २७ तासांत भांडं भरतं आणि त्यानंतरचं प्रत्येक मिनिट वाया जातं. रोज या, नाहीतर नुकसान. या आकड्यात कथा नाही, पात्र नाही, नुसता टोचणारा काटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची लक्षणं दिली आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या वर खेळाला स्थान मिळणं, नुकसान होत असूनही ते चालू राहणं, आणि हे साधारण बारा महिने दिसणं. त्यात पात्रासाठी रडण्याचा उल्लेख नाही. असण्याचं कारणही नाही.

समर्थकांनी मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करावी. मुंबईतली बहुसंख्य मुलं 'इको' किंवा 'ब्रदर्स' खेळत नाहीत. लोकलच्या दारात फोन आडवा धरून जे चाललेलं असतं त्यात कथा नसते. आणि याचं कारण आवडीनिवडीत शोधण्याआधी किमतीत शोधावं. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात ४९,९९० रुपयांना आला, नव्या मोठ्या गेमची डिस्क ४,९९९ ला. वन रूम किचनमध्ये टीव्ही एकच आणि संध्याकाळी त्यावर मालिका. लॅमिंग्टन रोडला जुनी डिस्क देऊन दुसरी घ्यायची, हा त्यातल्या त्यात परवडणारा मार्ग. फोनवरचे गेम फुकट, कारण त्यांची वसुली नंतर होते. ज्याला शेवट आहे तो गेम महाग आणि ज्याला शेवट नाही तो फुकट, अशी ही बाजारपेठ आहे, आणि गेम ही कला आहे असं म्हणणाऱ्यांनी ती कला कोणाच्या घरात पोचते हेही बघावं.

घरातल्यांना करता येण्याजोगं बरंच आहे, आणि ते 'बंद कर आत्ताच्या आत्ता' याच्या पलीकडचं आहे. बीजीएमआयचा एक सामना मोठ्या नकाशावर अर्ध्या तासापर्यंत चालतो आणि मध्ये थांबवता येत नाही. उठलं तर सोबतचे तिघं उघडे पडतात. म्हणून मुदत घड्याळाची नको, सामन्यांची द्यावी: दोन सामने, मग जेवण. कथेच्या गेममध्ये उलट सेव्ह करून केव्हाही उठता येतं, तिथे प्रकरणाची मुदत चालते. फोनवर प्ले स्टोअरच्या खरेदीला प्रत्येक वेळी पासवर्ड लागेल अशी सेटिंग ठेवावी आणि तो पासवर्ड मुलाच्या वाढदिवसाची तारीख नसावा. 'लास्ट ऑफ अस', 'रेड डेड' यांवर युरोपीय मानांकनाचा १८ चा शिक्का आहे, तो पाळावा; बारा वर्षांच्या मुलानं ते खेळू नयेत आणि हे सांगताना गेमच्या समर्थकांनी कचरू नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये काढलेला 'राजी' बघावा: गोलू या धाकट्या भावाला शोधत निघालेली बहीण, बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली गोष्ट. शेजारी बसून बघितलं तर विचारायलाही सुचतं. त्या म्हाताऱ्यांचं औषध का उचललंस? न उचलता भागलं नसतं का? मुलं अशा प्रश्नांना फार तपशिलानं उत्तर देतात, कारण त्यांनी त्यावर खरोखर विचार केलेला असतो आणि तो ऐकायला आजवर कोणी बसलेलं नसतं.

'रेड डेड'चा घोडा, गेम बंद केला की जिथे होता तिथेच उभा राहतो. परीक्षा होईपर्यंत, गावाहून येईपर्यंत, महिना लोटला तरी. त्याची भूक वाढत नाही, माया आटत नाही, कोणी नोटिफिकेशन पाठवून बोलावत नाही. तबेल्यात गेलं की त्याला नाव देता येतं आणि ते खेळणाऱ्यानं स्वतः ठेवलेलं असतं. तो एकोणीस वर्षांचा मुलगा रडत असेल तेव्हा आधी ते नाव विचारावं.